विश्लेषण : अमरावती-अकोल्याहून घारापुरी एका दिवसात पाहता येते का?

संध्याकाळी अमरावती, बडनेरा किंवा अकोल्याला गाडीत बसायचे, पहाटे मुंबईत उतरायचे, दिवसभर घारापुरीची लेणी पाहायची आणि रात्रीच्या गाडीने परत निघायचे. हॉटेलचा खर्च नाही, रजाही एकच. बेत जमण्यासारखा आहे. मात्र त्यात वार चुकला तर फेरी वाया जाते आणि बोटीबाबत बेफिकिरी झाली तर जिवावर बेतते.

रविवारची गाडी का टाळावी?

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. रविवार घरी काढून संध्याकाळची अमरावती-मुंबई एक्स्प्रेस पकडली, की माणूस नेमका सोमवारी पहाटे सीएसएमटीला उतरतो. लग्नाला किंवा मंत्रालयातील कामासाठी रविवारी निघणाऱ्यांची येथेच फसगत होते. शुक्रवारी रात्री निघाल्यास शनिवार मिळतो. गर्दी नको असेल तर मंगळवार ते गुरुवार उत्तम.

सीएसएमटीपासून गेटवे ऑफ इंडिया जेमतेम अडीच किलोमीटर. सामान स्थानकावरील क्लोक रूममध्ये ठेवून जावे. बोटी सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात, दुपारी दोननंतर बेटाकडे जाणारी बोट सहसा मिळत नाही. परतीची शेवटची बोट साडेपाचच्या आसपास असते. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. सीएसएमटीहून अमरावतीची गाडी रात्री आठच्या सुमारास सुटते. त्यामुळे शेवटच्या बोटीवर विसंबू नये, तीन-साडेतीनला बेट सोडलेले बरे. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या ऐन वेळी रद्द होतात.

बेट नेमके कोठे आहे?

गेटवेपासून साधारण दहा किलोमीटरवर, मुंबईच्या बंदरात. तासाभराचा प्रवास. बेट मुंबईसमोर असले तरी जिल्हा रायगड, तालुका उरण. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या तेथे आहेत. वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक बेटावर उतरता येत नाही. जवाहर द्वीप हे तेलवाहू जहाजांचे ठिकाण, तेथे पर्यटकांना प्रवेश नाही. उत्तरेला २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू, तर पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात. वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी एकेकाळी याच मुंबई बंदरातून इंग्लंडच्या गिरण्यांकडे जात, हे जाता जाता मुलांना सांगण्यासारखे.

बोटीत बसताना काय पाहावे?

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. ‘नीलकमल’चा परवाना ८४ प्रवासी आणि सहा कर्मचाऱ्यांचा होता, प्रत्यक्षात शंभरहून अधिक लोक बोटीत होते. त्यानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले.

धडक प्रवाशांच्या हातात नव्हती. जॅकेट घालणे मात्र हातात असते. ते डोक्याखाली उशी म्हणून घेणे किंवा फोटो काढून झाला की सोडून ठेवणे, हे सर्रास चालते. जॅकेट बोट सुटण्याआधी घालावे, सर्व पट्टे आवळावेत. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे मागून घ्यावे, मोठ्यांचे जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निसटू शकते. बोट खच्चून भरली असेल तर पुढची घ्यावी. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

वऱ्हाडाला हे वेगळे सांगायला नको. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. नदी असो की समुद्र, ‘एवढ्याने काय होते’ ही सवय दोन्हीकडे सारखीच.

लेण्यांत पाहायचे काय?

धक्क्यावरून छोटी रेल्वे पायथ्यापर्यंत नेते, पुढे सुमारे १२० पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. हातात खाण्याची पिशवी दिसली की माकडे ओढतात. पुरातत्त्व खात्याचे तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालील मुलांना नाही. बोटीचे भाडे वेगळे.

सात लेण्यांपैकी पाच शैव, दोन बौद्ध. वेळ कमी असेल तर पहिल्या लेण्यातच थांबावे. सहाव्या शतकाच्या मध्यात कोरलेले हे दालन सुमारे १३० फूट खोल आहे. समोरच्या भिंतीवरील सुमारे २० फुटी त्रिमुखी मूर्तीला बहुतेक जण ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात. अभ्यासकांच्या मते ती एकट्या शिवाची, सदाशिवाची मूर्ती आहे. पाहणाऱ्याच्या डावीकडे उग्र अघोर, मध्ये शांत तत्पुरुष, उजवीकडे हातात कमळ घेतलेला सौम्य, स्त्रीरूपी वामदेव. बाजूला अर्धनारीश्वर आणि गंगाधर.

ही लेणी कोणी खोदली, याचे ठाम उत्तर नाही. येथील शिलालेख पोर्तुगीजांनी वाचनासाठी मायदेशी पाठवला आणि तो हरवला. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर सापडल्याने त्या घराण्याकडे बोट दाखवले जाते. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. पण बेटाला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. तोवर गावकऱ्यांच्या संध्याकाळी जनरेटरवर जात.

असा दगड आपल्याकडे नाही का?

आहे, आणि जवळजवळ तोच. घारापुरीचा काळा पाषाण आणि चिखलदऱ्याचा कडा हे एकाच दख्खनी लाव्ह्याचे थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आडव्या थरांच्या या खडकात वरून खाली खोदत जाता येते, म्हणूनच महाराष्ट्रात एवढी लेणी. अकोला जिल्ह्यात पातूरजवळ अशीच खोदलेली, अर्धवट राहिलेली लेणी आहेत. घारापुरीच्या घडवलेल्या खांबांकडे पाहण्याआधी पातूरचे साधे खांब पाहिले, तर कारागिराने कोठून सुरुवात केली असेल याचा अंदाज येतो. मुलांना नेणार असाल तर आधीचा एखादा रविवार त्यासाठी काढावा.

आणि चुकून सोमवारीच मुंबईत उतरलात, तर पोर्तुगीजांना ‘एलिफंटा’ हे नाव सुचवणारा दगडी हत्ती भायखळ्यात, जिजामाता उद्यानालगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तेथे जायला बोट लागत नाही.