चित्राचा भाव कोण ठरवणार?

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांडे वजनावर विकले जाते. काट्यावर ठेवायचे, त्या दिवसाचा धातूचा दर लावायचा, वर घडणावळ धरायची. जुनी मोड दिली असेल तर तिचे पैसे वजा करायचे. हिशेब चोख आहे आणि गिऱ्हाइकाला तो पटतो. पण त्यात घडवणाऱ्याच्या वाट्याला येते ती फक्त घडणावळ. दोन कारागिरांपैकी एकाच्या हातात कितीही कसब असो, काट्याला ते दिसत नाही. ‘पितळेचे शहर’ म्हणून ज्या भंडाऱ्याची ओळख झाली, तिथल्या या धंद्याला स्टीलने आणि ॲल्युमिनियमने मागे रेटले, यात नवल कसले? वस्तूची किंमत फक्त तिच्या धातूत असेल, तर स्वस्त धातू आला की गिऱ्हाईक तिकडे वळणारच. चित्र काढणाऱ्या, मूर्ती घडवणाऱ्या, बांबूतून काही करू पाहणाऱ्या नव्या माणसाने आपली कला बाजारात नेण्याआधी हा हिशेब नीट पाहून घ्यावा. कारण तोही नकळत हाच काटा वापरतो. कागद एवढ्याचा, रंग एवढ्याचे, फ्रेम एवढ्याची आणि वर ‘मेहनतीचे’ दोनशे रुपये. म्हणजे स्वतःच्या नावाची किंमत त्याने स्वतःच शून्य धरलेली असते.

जिल्ह्याचा दुसरा मोठा हस्तव्यवसाय कोशाचा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात, पाखरांपासून राखण करत वाढवलेल्या अळ्यांचे कोश. त्यांच्या धाग्यातून मोहाडी आणि आंधळगावच्या मागांवर करवती काठाचे कापड विणले जाते. हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. मधल्या अंगासाठी एक आणि दोन काठांसाठी दोन, असे तीन धोटे एकाच वेळी चालतात. प्रत्येक फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो, तेव्हा कुठे काठावर करवतीसारखे दात उमटतात. घाईत हे होत नाही. या साड्यांना आणि कापडाला ‘करवत काटी’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मानांकन मिळते ते प्रदेशाला आणि पद्धतीला. सूत व्यापाऱ्याचे, माग विणकराचा आणि मोबदला नगावर, अशी व्यवस्था असेल तिथे साडी शोरूममध्ये पोचते तेव्हा तिच्यावर प्रदेशाचे नाव असते, दुकानाचे असते, विणणाऱ्याचे नसते. पितळेत किलो होता, इथे नग आला, फरक तेवढाच. पुढची साडी त्याच हाताची हवी असे म्हणण्याची सोयच गिऱ्हाइकाला ठेवलेली नाही, आणि ज्याला पुन्हा शोधता येत नाही त्याला भाव वाढवून मागता येत नाही.

आता तिसरा धंदा पाहा. तोही याच मातीतला, पण त्याची रीत अगदी उलटी: झाडीपट्टीचे नाटक. भाऊबीज झाली की भंडारा-गोंदियाच्या गावांत मंडया म्हणजे जत्रा भरू लागतात, पुढे बैलांच्या शर्यतींचे शंकरपट येतात आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. नाटकांचा बाजार गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडसा इथे. गावातले मंडळ तिथे जाते, कोणती कंपनी, कोणते नट, कोणती तारीख हे ठरवते, रक्कम ठरते, बयाणा दिला जातो. मग गावोगाव पोस्टर लागतात आणि त्यांवर नट-नट्यांची नावे नि फोटो ठळक असतात. तिकीट काढून माणसे रात्रभर थंडीत बसतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, पण हा बाजार त्याच्या कितीतरी आधीपासून प्रेक्षकाच्या खिशातल्या पैशावर उभा आहे. इथे नाटक लाकडाच्या किंवा कापडाच्या खर्चावर विकले जात नाही. विकले जाते ते नाव, विकली जाते ती रात्र. महत्त्वाची गोष्ट म्हणजे पडदा उघडण्याआधीच सौदा पक्का झालेला असतो. कलावंत तयार माल डोक्यावर घेऊन गिऱ्हाईक शोधत हिंडत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, भंडाऱ्याच्या नव्या चित्रकाराने मुंबईच्या गॅलरीकडे पाहण्याआधी वडशाच्या या बाजाराकडे पाहावे. प्रसंग, नाव आणि आगाऊ ठरलेली किंमत या तीन गोष्टी जिथे जुळतात, तिथे कला विकली जाते. नुसत्या गुणवत्तेवर विसंबून घरात चित्रांचा ढीग लावणारा, आणि ‘कोणी घेईल’ म्हणून मिळेल त्या भावाला देऊन टाकणारा, दोघेही पितळेच्याच काट्यावर उभे असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: धानाच्या जिल्ह्यात चित्र घेतो कोण? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर दिसते तितके निराशाजनक नाही. शिक्षकाची सेवानिवृत्ती, पतसंस्थेचा वर्धापनदिन, ग्रामपंचायतीचा सत्कार, शाळेचे स्नेहसंमेलन, यांतल्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात शाल-श्रीफळाबरोबर एक स्मृतिचिन्ह दिले जाते. ते बहुधा काचेचे किंवा सोनेरी मुलाम्याच्या प्लास्टिकचे असते आणि घरी गेल्यावर कपाटावर चढते ते कायमचे. म्हणजे पैसे खर्च होतच आहेत, फक्त ते चित्रकाराकडे येत नाहीत. निवृत्त होणाऱ्या बाईंना त्यांच्याच शाळेच्या इमारतीचे जलरंगातले चित्र मिळाले तर ते भिंतीवर लागेल. खाली सही असेल, पाहुणा विचारेल, आणि चित्रकाराला दुसरे काम मिळेल. वास्तुशांती आणि लग्नाचा आहेर हेही असेच प्रसंग. धानाचे पैसे हातात येतात तो काळ, मंडया आणि त्यापुढची लग्नसराई हे सगळे दिवाळीनंतरच्या महिन्यांत ओळीने येते. म्हणून कामाची आखणी पावसाळ्यात व्हायला हवी, बयाणा दिवाळीआधी घ्यायला हवा.

दुसरे गिऱ्हाईक आपण होऊन जिल्ह्यात येते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे पिटेझरी प्रवेशद्वार साकोली तालुक्यात आहे, कोका अभयारण्य भंडाऱ्याच्या जवळ, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याकडे जाणारा पर्यटक पवनीतून जातो. हा माणूस नागपूरहून किंवा आणखी लांबून येतो, दोन दिवस राहतो आणि परतताना काहीतरी न्यावे असे त्याला वाटते. त्याच्यापुढे मात्र कोणत्याही जंगलाच्या दारात मिळणारे वाघाचे टी-शर्ट असतात. वैनगंगेचा पवनीचा घाट, अंबागड किल्ला, धानाच्या बांधावरची सारसाची जोडी, हे विषय दुसरीकडे मिळणार नाहीत. त्याला दोन फुटी तैलचित्र नको आहे, बॅगेत मावेल असे छोटे चित्र किंवा सही केलेली छापील प्रत हवी आहे. त्यासाठी चार रिसॉर्टवाल्यांशी बोलून कमिशनवर भिंत मिळवणे हे फेसबुकवर शंभर पोस्ट टाकण्यापेक्षा लवकर फळ देते.

इथे किमतीचा हिशेब करावाच लागेल. समजा, बारा बाय सोळा इंचांचे जलरंगचित्र आहे. कागद-रंगाचे ३०० रुपये, फ्रेमचे ६००, आणि दोन दिवसांच्या कामाचे दिवसाला ६०० प्रमाणे १,२००. एकूण २,१००. हे चित्र रिसॉर्टमध्ये ३० टक्के कमिशनवर लावायचे, तर तिथली किंमत ३,००० ठेवावी लागेल. ९०० दुकानाचे, २,१०० तुमचे. बहुतेक नवखे इथे चुकतात: भिंतीवर ३,०००चे लावतात आणि फोन करणाऱ्याला तेच २,१००ला देतात. ही बातमी रिसॉर्टवाल्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, आणि पुढच्या वेळी तो भिंत देत नाही. चित्र कुठूनही घेतले तरी किंमत एकच हवी. थेट विक्रीतले ते जादा ९०० म्हणजे गिऱ्हाईक शोधण्याची तुमची मजुरी, ती सोडायचे कारण नाही. आणि लक्षात घ्या, या २,१००मध्ये अजून नावाचा रुपयाही धरलेला नाही. ते नाव पाच-दहा चित्रे गेल्यावर, लोक विचारत येऊ लागल्यावर, हळूहळू किमतीत मिळवायचे. पण एकदा वर नेलेली किंमत खाली आणायची नाही, कारण आधी घेतलेल्याचा तो अपमान ठरतो.

दुसरा आक्षेप जरा उंचावरून येतो. प्रसंगासाठी, मागणीप्रमाणे काढलेले चित्र म्हणजे कला की धंदा? महाराष्ट्राच्या कलेच्या इतिहासाने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. राजा रविवर्म्याने संस्थानिकांच्या मागणीवरून चित्रे केली आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून देवदेवतांच्या रंगीत प्रती सामान्य घरांत पोचवल्या. छापखान्याने त्याला पैशांच्या अडचणीत आणले हेही खरे, पण त्याचे नाव घराघरांत गेले ते त्या प्रतींमुळेच. त्याहून जवळचे उदाहरण दीनानाथ दलालांचे. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला आणि स्वतःच्या चित्रांना मुखपृष्ठाची हक्काची जागा मिळवली. वर्षातून एकदा, ठरलेल्या सणाला, मराठी घर पैसे मोजून दलालांचे चित्र विकत घेत होते. रघुवीर मुळगावकर कॅलेंडरांवर आणि मुखपृष्ठांवर होते. यांतल्या कोणाची रेषा मागणीने बिघडली असे म्हणायची हिंमत आजच्या समीक्षकाने करावी. मागणी कला बिघडवत नाही. ‘काहीही चालेल’ असे गिऱ्हाइकाला सांगणारा चित्रकार ती बिघडवतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. वारलीचे पाहा, असे म्हणतात. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोचले, २०११ मध्ये पद्मश्री झाले, कारण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिकडे गेले आणि त्यांनी ती चित्रे शहरात आणली. आपल्याकडे असा कुलकर्णी कोण येणार? आणि आला तरी पुढे काय? आज वारलीच्या आकृत्या कपांवर, कुर्त्यांवर, टाइल्सवर कोणीही छापतो. या दुसऱ्या अर्ध्या भागातच पहिल्याचे उत्तर आहे. वारलीला २०१४ मध्ये मानांकन मिळाले, तरी शैली म्हणून ती सगळ्यांच्या हाती गेली. पण मशे यांचे चित्र आजही मशे यांचेच म्हणून विकले जाते. शैली उचलता येते, सही उचलली तर ती फसवणूक ठरते. राहिला कुलकर्णींचा प्रश्न. त्या काळी शहराशी बोलणारा मधला माणूस अपरिहार्य होता. आज भंडाऱ्याहून नागपूर दीड तासावर आहे, तिथे दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, आणि बचत गटांसाठी मुंबईच्या ‘सरस’सारखी प्रदर्शने आहेत. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहेच, पण तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते. पहिल्या पाच वर्षांच्या आखणीत ती धरू नये.

इंस्टाग्राम असताना जिल्ह्याचे काय घेऊन बसलात, असेही कोणी म्हणेल. इंस्टाग्राम जरूर वापरावे, पण ते पोस्टर आहे, वडशाचा बाजार नव्हे. तिथे लाइक देणारे हजार आणि पैसे देणारे दोन, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्या हजारांतला एखादा नागझिऱ्याला येणार असतो किंवा भंडाऱ्यातून पुण्याला स्थायिक झालेला असतो, त्याच्यासाठी पान व्यवस्थित ठेवावे. प्रत्येक चित्राखाली आकार, माध्यम आणि किंमत स्पष्ट लिहावी. ‘किमतीसाठी मेसेज करा’ हे वाक्य गिऱ्हाइकाला पळवून लावते, कारण त्याला वाटते की चेहरा पाहून भाव सांगणार. लांब पाठवायचे असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक लावावे, नाहीतर बिनफ्रेमचे चित्र नळीत गुंडाळून द्यावे.

कागदपत्रांचा कंटाळा मात्र परवडणारा नाही. चित्र हातातून जाण्याआधी त्याचा चांगला फोटो घ्यावा, मागे नाव, वर्ष, क्रमांक लिहावा आणि साधे का होईना बिल द्यावे. चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असे होत नाही. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ची एक खोच आहे: कोणी पैसे देऊन सांगितले म्हणून चित्र काढले, तर वेगळे ठरलेले नसल्यास त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा असतो. सत्काराची आणि आहेराची कामे याच प्रकारात येतात. ‘प्रती छापण्याचा हक्क चित्रकाराचा’ एवढी एक ओळ बयाणा घेताना व्हॉट्सॲपवर लिहून मान्य करून घेतली की नंतरचा वाद टळतो. करांचे म्हणाल, तर राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परराज्याचे नियम वेगळे आहेत आणि तुमसरला लागूनच बालाघाट आहे, म्हणून तिकडे माल पाठवण्याआधी कर सल्लागाराला विचारलेले बरे. मूर्तिकार, कुंभार आणि बाहुल्या-खेळणी बनवणाऱ्यांना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळू शकते. त्या योजनेच्या अठरा व्यवसायांत चित्रकार नाही, त्यामुळे चित्रकाराने तिच्यामागे धावून वेळ दवडू नये.

शेवटी एक विनंती, आणि ती चित्रकारांना नाही. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, मंडळ चालवणाऱ्यांना आहे. या हंगामात ज्या सत्काराचे स्मृतिचिन्ह तुम्ही घ्याल, त्याचे पैसे ट्रॉफीच्या दुकानात देण्याआधी तालुक्यात चित्र काढणारे कोण आहे याची चौकशी करा. काम महिनाभर आधी सांगा, निम्मे पैसे आधी द्या आणि चित्रावर त्याची सही आहे ना, हे पाहून घ्या.