महिनाभर उपास, तरी साप ठणठणीत!

अमेरिकेत कितीतरी मुलांच्या घरी साप पाळलेला असतो, माहीत आहे? त्यांचा लाडका साप म्हणजे कॉर्न स्नेक. नारिंगी अंग, त्यावर तांबडे डाग आणि विष अजिबात नाही! उन्हाळाभर तो दिलेला उंदीर गट्टम करतो. थंडी आली की मात्र उंदराजवळ येतो, दोनदा जीभ लपलपवतो आणि चक्क तोंड फिरवून वेटोळं घालून बसतो. महिना उलटला तरी जेवणाचं नाव नाही!

आजारी पडला का? बहुतेक वेळा नाही. गंमत ऊबेची आहे. आपलं शरीर स्वतःच ऊब तयार करतं. सापाला ती बाहेरून, उन्हातून किंवा तापल्या दगडातून घ्यावी लागते. पोटातले पाचकरस ऊब असली तरच नीट काम करतात. कडाक्याच्या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही ना, तसंच. गारठ्यात गिळलेला उंदीर पचायच्या आधी पोटातच सडू लागेल. मग न जेवणंच शहाणपणाचं! शिवाय अंग गरम ठेवायला अन्न खर्च होत नाही, म्हणून साठवलेल्या चरबीवर साप खुशाल महिने काढतो.

सापांची पैदास करणारे लोक तर मुद्दाम हिवाळा घडवतात. आधी दोन-तीन आठवडे जेवण बंद, म्हणजे पोट रिकामं होतं. मग तापमान हळूहळू उतरवत 10 ते 15 अंश सेल्सिअसवर आणतात आणि दोन-तीन महिने साप अंधारात सुस्त पडून राहतो. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं! पुन्हा ऊब मिळाली की नर-मादी जोडी जमवतात, पुढे मादी अंडी घालते. हडकुळ्या किंवा आजारी सापाला असं कधीच थंड करत नाहीत. उपाशी सापाचं वजनही अधूनमधून काट्यावर बघतात. ते झपाट्याने घटलं किंवा श्वास घरघरला, तर लगेच प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातले साप घरी पाळता येत नाहीत, आणि तेच बरं! आपली धामणही थंडीत बांधावर ऊन खात पडलेली दिसते. दिसली तर लांबूनच बघा, दगड मारू नका. खाल्लेलं पचवायला तिला ते ऊन हवं असतं. आणि साप घरात शिरलाच, तर मोठ्यांना सांगून सर्पमित्राला बोलवा.