ट्रॉलीच्या मागे लालच दिवा हवा



गळीत हंगामात आपले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. हौसेपायी काहीजण दिव्यावर रंगीत कागद चिकटवतात, ट्रॉलीमागे निळे-हिरवे दिवे लावतात. दिसायला झकास, पण कायद्यात बसत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे वाहनाच्या पुढे लाल दिवा चालत नाही. मागे लालच लागतो. वळण दाखवणारा पिवळा, रिव्हर्सचा व नंबरप्लेटवरचा पांढरा यांना सूट आहे. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे.

यात कारण आहे. लाल दिसला म्हणजे गाडी पुढे चाललीय, पांढरा म्हणजे समोरून येतेय, हे अंधारात क्षणात उमगते. निळ्या-हिरव्याने मागचा मोटारसायकलवाला फसतो. भरलेली ट्रॉली सावकाश चालते. अंतर कळेस्तोवर तो उसात घुसलेला असतो. बाहेर आलेल्या मोळीने दिवा झाकला, तरी तीच गत.

तेव्हा काट्यावर नंबर येईपर्यंत एवढे कराच : कागद खरवडा, काच पुसा, मागचा दिवा व लाल रिफ्लेक्टर उघडे आहेत का बघा. मागून येणारा पोरगा आपल्यातल्याच कुणाचा तरी असतो.