पेशव्यांच्या स्वाराचा रंग कोणता?

दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारात येणाऱ्या मातीच्या मावळ्यांचा रंग ठरलेला असतो. पागोटे भगवे, अंगरखा पांढरा नाहीतर पिवळा, कमरेला तांबडी पट्टी आणि चेहरा चक्क गुलाबी. तो तसाच का, हे आपण विचारत नाही, कारण विचारण्याची गरज पडत नाही. गरज पडते ती बिनरंगाचा शिपाई हातात आल्यावर. माझ्यासमोर असे बारा स्वार आहेत. प्रत्येक साधारण अडीच-तीन सेंटिमीटर उंचीचा, शिसवी करड्या धातूचा. ते १८१८ च्या एप्रिलमध्ये पांढरकवड्याच्या परिसरातून धावत असलेल्या पेशव्यांच्या फौजेतले आहेत, असे मी ठरवले आहे. त्यांना रंग द्यायचा म्हणजे काय करायचे, ते इथे सांगतो.

आधी खेळाविषयी थोडे. टेबलावर भूप्रदेश मांडून, त्यावर छोट्या सैनिकांच्या तुकड्या ठेवून, फासे आणि मोजपट्टी यांच्या साह्याने लढाई खेळायची, असा हा प्रकार. प्रशियातल्या रायस्विट्झ नावाच्या माणसाने १८१२ मध्ये आपल्या राजाला असा खेळ दाखवला आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे पक्के नियम छापले. तो लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो घरातल्या खेळण्यांच्या सैनिकांपर्यंत आणला. बुद्धिबळात हत्ती, घोडा, उंट मानणाऱ्या आपल्या माणसाला यातले तत्त्व नवे वाटू नये. फरक एवढाच, की बुद्धिबळातला घोडा कुणाचा आणि कुठल्या सालातला, हे विचारावे लागत नाही. इथे पहिला प्रश्न तोच असतो.

माझी लढाई सिवनीची. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला हरल्यापासून दुसरा बाजीराव पळत होता. जानेवारीत कोरेगाव झाले, फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची मदत मिळेल या आशेने तो वर्धा नदीच्या बाजूला, म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्यात आला. मागून डव्हटनची फौज येत होती. तिला चुकवताना १७ एप्रिलला सिवनीजवळ समोरून कर्नल ॲडम्स आला. त्याच्याकडे घोडदळ होते आणि घोड्यांनी ओढायच्या तोफा होत्या. पेशव्यांची फौज उधळली, बाजीराव निसटला आणि जूनच्या सुरुवातीला माल्कमच्या स्वाधीन झाला. खेळ म्हणून ही लढाई एकतर्फी आहे. म्हणून माझ्या टेबलावर पेशव्यांच्या खेळाडूला जिंकायचे नसते. बाजीरावाला टेबलाच्या दुसऱ्या कडेपर्यंत जिवंत पोचवायचे असते. आज रंगवायचे स्वार त्यासाठी आडवे पडणारे आहेत.

आता अडचण पाहा. ॲडम्सच्या बाजूचे शिपाई रंगवणे सोपे आहे. कंपनी सरकारने कोणत्या पलटणीच्या गळपट्टीचा रंग कोणता, बाहीची कड कोणती, बटणे पितळी की पांढऱ्या धातूची, हे सगळे हुकुमात लिहून ठेवले. पुस्तक उघडावे आणि रंग लावावा. पेशव्यांच्या स्वाराविषयी असा कागद नाही आणि तो नसण्याला कारण आहे. बारगिराला घोडा सरकारी मिळे. शिलेदार मात्र घोडा, हत्यार आणि कपडे आपल्या पदरचे आणी. गणवेश नव्हताच, मग त्याची नोंद कोण करणार? जेम्स वेल्सने पुण्यात रंगवलेले सवाई माधवराव आणि नाना फडणवीस आपल्याला ठाऊक आहेत, पण तो दरबाराचा पोशाख. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ मध्ये छापली गेली. त्यातली रंगीत चित्रे एका हिंदी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत, म्हणून ती मला जास्त जवळची वाटतात. तरीही ती छावणी उत्तरेतली आणि फौज शिंद्यांची. म्हणजे जिंकणाऱ्याच्या बटणाचा रंग आपल्याला ठाऊक आहे आणि हरणाऱ्याच्या अंगरख्याचा नाही. त्यामुळे माझ्या स्वारावरचा प्रत्येक थर हा एक तर्क असतो, आणि तो कशावरून केला ते सांगता आले पाहिजे.

कामाला लागू. साच्यातून निघालेल्या धातूवर दोन भागांच्या सांध्याची बारीक रेघ असते. ती कानसेने घासून काढावी, नाहीतर रंग चढल्यावर गालावर वार झाल्यासारखी दिसते. मग साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने धुवावे, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग सालपटासारखा सुटतो. घोडा आणि स्वार वेगळेच ठेवावेत; खोगिरावर बसवल्यावर मांडीच्या आतल्या बाजूला ब्रश पोचत नाही. प्रत्येकाला औषधाच्या बाटलीच्या बुचावर तारेने टोचून बसवले की रंगवताना बोट मूर्तीला लागत नाही.

अस्तर म्हणून गाड्यांना मारतात तो करडा प्रायमर चालतो. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून हलका फवारा द्यावा. आपल्या हवामानाची इथे गाठ पडते. श्रावणात हवेत ओल इतकी असते की थर धुरकट बसतो आणि मे महिन्यात फवारा वाटेतच सुकून वाळूसारखा खरखरीत लागतो. मी सगळे फवारे दिवाळी ते होळी या काळात उरकतो. उन्हाळ्यात रंग ब्रशवरच सुकतो, त्यावर उपाय सोपा आहे: डब्याच्या झाकणात ओले फडके, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. दिवसभर ओला राहतो.

रंग ॲक्रिलिक, कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा. तो साय काढलेल्या दुधाइतका पातळ करावा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत. ब्रश बारीकातला बारीक हवा, ही समजूत खरी नाही. एक नंबरच्या ब्रशला टोक चांगले असेल तर त्याने डोळाही काढता येतो. फार बारीक ब्रशमध्ये रंगच मावत नाही आणि तो मूर्तीपर्यंत पोचेतो सुकतो.

आता या कलेतली जी गोष्ट सर्वांत जास्त समजून घ्यावी लागते ती. या मापात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या माणसाचे साधारण सहा सेंटिमीटर. हातभर अंतरावरून मूर्ती पाहणे म्हणजे पस्तीस-चाळीस मीटरवरून माणूस पाहणे. तेवढ्या अंतरावरून जरीची नक्षी दिसत नाही, म्हणून ती काढू नये. पण माणूस लहान झाला तरी उजेड लहान होत नाही. खऱ्या अंगरख्याच्या चुणीत जी दाट सावली पडते, ती एवढ्याशा चुणीत पडतच नाही; खोलीतला दिवा सगळीकडे सारखा पोचतो. सपाट रंग दिला तर शिपाई खेळण्यासारखा दिसतो तो म्हणूनच. सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच आणावे लागतात. मूळ रंग वाळला की त्याच्याच गडद छटेचे पाणी अंगभर सोडायचे. ते आपोआप चुण्यांत उतरून थांबते. वाळल्यावर उंचवट्यांवर मूळ रंग पुन्हा, आणि अगदी कडेला त्याहून उजळ रेघ. बस, बाकी सगळा सराव.

पण गडद छटा कोणती आणि उजळ कोणती? इथे तर्काला धरून चालावे लागते, आणि मला तरी सगळी मजा इथेच वाटते.

अंगरखा आधी घेऊ. कापसाच्या जिल्ह्यात राहून मला नळीतला शुद्ध पांढरा रंग वापरवत नाही. सरकी काढलेली रुई पिवळसर असते आणि न धुपवलेला मांजरपाटही. पांढऱ्यात पिवळी माती आणि तपकिरीचा थेंब, सावलीला करडा-तपकिरी, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर एका टिपक्यापुरता.

पागोटे तांबडे हवे असेल तर तांबडे कशाचे, ते ठरवावे लागते. १८१८ मध्ये रासायनिक रंग नव्हते. आलीच्या मुळांतल्यासारखा तांबडा रंग देणारे ॲलिझरीन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिमरीत्या बनवले ते अर्धशतकानंतर. त्याआधी वऱ्हाडात आलीची लागवड होत असे. तीनेक वर्षांनी झाड उपटून मुळांचा रंग काढत आणि तुरटी लावलेल्या कापडावर चढवत. तो रंग विटकरी-तांबडा, पक्का, धुण्याला दाद न देणारा. दुसरा तांबडा कुसुंब्याचा, म्हणजे करडईच्या फुलांचा. तो नवा असताना डोळ्यांत भरतो, पण कच्चा. ऊन आणि पाणी लागले की गुलाबी होत उडतो.

हा फरक थेट ब्रशपर्यंत येतो. आलीच्या पागोट्याला उजेड देताना तांबड्यात पांढरा मिसळला तर कडा गुलाबी होतात आणि आल कधीच गुलाबी होत नाही. तिथे पिवळ्या मातीने किंवा नारिंगीने उजळावे आणि सावली गडद तपकिरीने द्यावी. कुसुंबी पागोट्याला मात्र पांढराच मिसळावा, तोही सढळ हाताने, आणि वरच्या बाजूला, जिथे ऊन लागते तिथे. माझे स्वार नोव्हेंबरपासून घोड्यावर आहेत. ज्याने पुण्याहून निघताना कुसुंबी बांधले त्याचे एप्रिलपर्यंत फिकट झालेले असणार. हळदीचेही तेच. नीळ टिकते, म्हणून एखाद्याची विजार अजून निळी आहे. भगव्या पागोट्यांची रांगच्या रांग मी करत नाही. भगवा झेंड्यावर पुरेसा आहे.

कातडीचा रंग ‘फ्लेश’ नावाच्या तयार बाटलीतून घेऊ नये. तो युरोपी चेहऱ्यासाठी केलेला असतो आणि आपल्या किल्ल्यावरचे गुलाबी मावळे त्याच जातीचे. भाजलेली सिएना, पिवळी माती आणि थोडा पांढरा यांतून गव्हाळ निघतो. सावळ्यासाठी पांढरा कमी करून निळ्याचा अंश वाढवावा. सावलीला काळा नको, त्याने चेहरा मळका दिसतो; जांभळट तपकिरी हवा. डोळ्यांबाबत एक गंमत आहे. आमच्या यवतमाळात दुर्गोत्सव मोठा. मोठ्या मूर्तीची आखणी शेवटी होते, आणि तो मानाचा क्षण असतो. या मूर्तीत उलटे करावे: चेहऱ्याला पहिला रंग लागला की लगेच डोळे. आडवी काळी रेघ, तिच्या दोन टोकांना पांढरे दोन ठिपके, आणि मग भोवतीच्या कातडीच्या रंगाने पापण्या कापून घ्यायच्या. रेघ बाहेर गेली तरी झाकता येते. पागोटे रंगवून झाल्यावर तेवढी मोकळीक राहत नाही.

घोड्यांसाठी मराठीत शब्दच इतके आहेत की रंगाची यादी आयती मिळते. कुम्मैत, मुश्की, अबलख, सब्जा. पंचकल्याणी घोड्याचे चारही पाय आणि कपाळाचा पट्टा पांढरा असतो, त्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो. तो मी तुकडीच्या म्होरक्याला देतो. कुम्मैताला तपकिरीत तांबूसपणा आणि आयाळ, शेपूट, गुडघ्याखालचे पाय काळे. घोड्याला उजेड देताना जवळजवळ कोरड्या ब्रशने स्नायूंवर हलके घासावे. सव्वासे मूर्ती रंगवणाऱ्याची वेळ वाचवणारी हीच युक्ती. भाल्याचा दांडा बांबूचा, म्हणून लाकडी तपकिरी नको. फिकट पिवळसर देऊन पेऱ्यांच्या जागी बारीक गडद वळी काढाव्यात.

शेवटी पायाखालची जमीन. विकत मिळणारे हिरवे गवत इथे लावले तर एप्रिलमधला केळापूर तालुका इंग्लंडातल्या कुरणासारखा दिसेल. मी शेतातली काळी माती उन्हात वाळवून, वस्त्रगाळ करून, पांढऱ्या डिंकात कालवून जाड थरात पसरतो. सुकताना ती आकसते आणि तिला आपोआप भेगा पडतात, खऱ्या जमिनीला पडतात त्याच कारणाने. तिचा रंग मात्र ओली असताना काळा आणि सुकल्यावर करडा. त्यावर पातळ डिंकाचा हात दिला की पुन्हा काळवंडते, म्हणून कडांवर फिकट करडा कोरडा ब्रश फिरवावा लागतो. वाळक्या कुसळाचे दोन-चार तुकडे पुरतात. त्याच मातीची धूळ, म्हणजे तपकिरी-करडा पातळ रंग, घोड्याच्या पायांवर, पोटाखाली आणि स्वाराच्या विजारीच्या घोट्यापर्यंत वर चढवावा. सहा महिन्यांचा प्रवास तिथे दिसतो.

खेळात मूर्ती बोटांनी उचलली जाते आणि घामाने रंग झिजतो. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा पातळ थर आणि तो पूर्ण सुकल्यावर वर बिनचकाकीचा. दुसरा थर कोरड्या दिवशीच द्यावा. ओलीत दिला तर मूर्तीवर पांढरे धुके चढते. चोवीस तास हात लावू नये. त्यानंतर स्वार खोगिरावर चिकटवावा, ढाल डाव्या हाताला लावावी, आणि पुढचा घ्यावा. त्याचे पागोटे मात्र पहिल्याच्या रंगाचे नको.