खाऱ्या टाकीचा निचरा: आवाज नको, पूरही नको

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत वरचं पाणी ओव्हरफ्लो कप्प्यात पडतं, पाइपातून खालच्या संपमध्ये, म्हणजे दुसऱ्या टाकीत, उतरतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. गुडगुड होते ती पाण्यासोबत हवा पाइपात ओढली गेल्यामुळे. म्हणून ‘बीनअ‍ॅनिमल’ नावाच्या रचनेत तीन पाइप असतात. पहिला पूर्ण भरून सायफनसारखा वाहतो. त्यावरचा गेट व्हॉल्व्ह हळूहळू फिरवून प्रवाह पंपाशी जुळवायचा. बॉल व्हॉल्व्हने इतकं बारीक जुळवणं कठीण. उरलेली थोडी धार दुसऱ्या पाइपाच्या आतल्या भिंतीवरून निःशब्द उतरते. तिसरा एरवी कोरडाच. माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा: पहिल्यात गोगलगाय किंवा शेवाळ अडकलं, तर सगळं पाणी त्याने एकट्याने पेललं पाहिजे. त्यावर व्हॉल्व्ह कधीही बसवू नका.

आणि वीज गेली तर? ओव्हरफ्लोच्या काठावरचं पाणी संपमध्ये उतरतं. परतीच्या नळाचं तोंड खोल बुडालेलं असेल, तर तिथूनही उलटा सायफन सुरू होतो. संपमध्ये तेवढी जागा रिकामी हवीच. मासे सोडण्याआधी पंप बंद करून हे पाहा. मग पंप चालू ठेवून पहिला पाइप मुद्दाम बंद करूनही.