प्रस्थानाचा दिवस

ज्येष्ठ महिन्याचा कृष्णपक्ष अर्धा सरला की पुणे शहराचे रूप पालटते. आळंदीहून श्रीज्ञानेश्वरांची पालखी येते आणि देहूहून श्रीतुकारामांची. पहिलीचा मुक्काम भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या देवळात असतो, तर दुसरीचा नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या देवळात. एक दिवस विसावा घेऊन तिसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही पालख्या शहर सोडतात. हडपसरपर्यंत त्यांची वाट एकच असते. पुढे ज्ञानेश्वरांची पालखी दिवे घाट चढून दक्षिणेस सासवडकडे वळते आणि तुकारामांची पालखी लोणी काळभोरकडे जाते. दोघींनाही पोहोचावयाचे असते ते पंढरपुरास.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांनी हा सोहळा पाहिला असेल. परंतु निघण्याचा नेमका दिवस कसा ठरतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

लांबच्या पायी प्रवासास निघावयाचे झाले, तर आपण सहसा काय करू? हवा बरी आहे की नाही ते पाहू. हातची कामे संपली की नाही ते पाहू. आणि मग एखादा सोयीचा दिवस निवडू. वारकऱ्यांची रीत याच्या उलट आहे. "केव्हा निघावे?" हा प्रश्न ते आधी विचारीत नाहीत. "केव्हा पोहोचावयाचे?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर ठरलेले आहे. आषाढ शुद्ध एकादशीस पंढरपुरात असले पाहिजे, म्हणजे दशमीस तेथे पोहोचले पाहिजे. तेथून मागे मागे मोजीत गेले की प्रस्थानाचा दिवस आपोआप हाती येतो.

आपण सन २०२५ चेच उदाहरण घेऊ. त्या वर्षी आषाढी एकादशी ६ जुलैला होती. म्हणून पालखी ५ जुलैला पंढरपुरास पोहोचावयाची. त्याआधीचा मुक्काम वाखरीस, त्याआधीचा भंडीशेगावास. असेच मागे आलो की वेळापूर, माळशिरस, नातेपुते, बरड, फलटण, तरडगाव, लोणंद, वाल्हे आणि जेजुरी हे मुक्काम लागतात. मग सासवडास दोन रात्री आणि पुण्यास दोन रात्री. अशा रीतीने आपण १९ जूनला, म्हणजे ज्येष्ठ वद्य अष्टमीस, आळंदीच्या महाद्वारी येऊन उभे राहतो. तोच प्रस्थानाचा दिवस!

आता थोडे गणित करू. प्रस्थानापासून एकादशीपर्यंत एकूण अठरा दिवस झाले. त्यांत चालण्याचे दिवस चौदा. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणजे दररोज सरासरी अठरा किलोमीटर चालावे लागते. परंतु सर्व मजला सारख्या नसतात. पुणे ते सासवड ही मजल सुमारे तीस किलोमीटरची आणि तीही घाटाची. म्हणून तिच्या आधी पुण्यास आणि नंतर सासवडास एकेक दिवस विसावा असतो. लोणंद ते तरडगाव ही मजल मात्र तिच्या निम्मीही नाही. तिथींच्या वाढीमुळे एखाद्या वर्षी एक दिवस जास्त मिळाला, तर लोणंदासारख्या गावी मुक्काम वाढवितात. पोहोचण्याचा दिवस मात्र हलत नाही.

जो अधिक दुरून येतो, त्याने अधिक लवकर निघावे, हे तर उघडच आहे. देहूची पालखी आळंदीच्या पालखीच्या एक दिवस आधी, सप्तमीस निघते. त्र्यंबकेश्वराहून येणारी श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्याही आधी, ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास वाटेला लागते.

येथे एक अडचण उभी राहते. आपल्या तिथी चंद्राच्या गतीवरून ठरतात. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवसांनी लहान असते. ही तूट भरून काढण्यासाठी सुमारे पावणेतीन वर्षांनी एक अधिक मास येतो. त्यामुळे प्रस्थानाची तिथी तीच राहिली, तरी इंग्रजी तारीख मागेपुढे होते. सन २०२३ मध्ये आळंदीहून प्रस्थान ११ जूनला झाले. त्यानंतर अधिक श्रावण आला आणि सन २०२४ मध्ये तेच प्रस्थान २९ जूनला झाले. एकाच तिथीत अठरा दिवसांचे अंतर पडले!

हे अठरा दिवस शेतकऱ्याला फार महत्त्वाचे असतात. वारकऱ्यांत शेतकऱ्यांचा भरणा मोठा, आणि जून हा पेरणीचा महिना. पाऊस पडून जमिनीत वाफसा आला की तिफण धरावी लागते. वाफसा कोणाची वाट पाहत नाही. सन २०२४ मध्ये पाऊस जूनच्या पूर्वार्धातच आला होता. अनेकांना पेरणी उरकून निघता आले. परंतु सन २०२३ मध्ये मोसमी वारे केरळातच ८ जूनला पोहोचले आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत यावयास जूनचा अखेरचा आठवडा उजाडला. तोवर पालखी निम्म्याहून अधिक वाट चालून गेली होती.

मग अशा वर्षी शेतकऱ्याने काय करावे? पेरणीसाठी थांबावे, तर वारी चुकते. वारीस जावे, तर पेरणी राहते. ही कोंडी एकट्याने सुटत नाही. ती सगळे घर मिळून सोडविते. "आबा, तुम्ही पुढे व्हा, तिफण मी धरतो," असे मुलगा म्हणतो. पुढच्या वर्षी कदाचित मुलगा वारीस जातो आणि वडील शेत सांभाळतात. प्रत्येक वारकऱ्याच्या मागे त्याचे काम उचलणारे कोणीतरी घरी असते. चालताना तो दिसत नाही, एवढेच.

सन २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. तरीही १३ जूनला, ठरल्या तिथीस, मोजक्या लोकांच्या उपस्थितीत आळंदीस प्रस्थान झाले. पादुका तेथेच थांबल्या आणि ३० जूनला, दशमीच्या दिवशी, एस. टी. च्या गाडीने पंढरपुरास गेल्या. वाट बदलली, वाहन बदलले. पण दिवस चुकला नाही.

आपणही एखाद्या कामास हात घालताना ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शेवटचा दिवस आधी निश्चित करावा. कठीण मजल कोणती ते ओळखावे. तिच्या आगेमागे विसाव्यास जागा ठेवावी. आणि मग मागे मोजीत यावे. म्हणजे आरंभ केव्हा करावा, हे कोणास विचारावे लागत नाही.

पालखीच्या तळावर पहाटे तुतारीचा इशारा तीन वेळा होतो. पहिल्या इशाऱ्यास आवरावयाचे, दुसऱ्यास सज्ज होऊन उभे राहावयाचे आणि तिसऱ्यास चालू लागावयाचे. ज्याने पहिल्या दोन इशाऱ्यांत आपली तयारी केली, त्याची तिसऱ्या इशाऱ्याला धांदल उडत नाही.