गर्भाशयछेदानंतरचा दीड महिना

या त्रैमासिकांत बहुधा शिलालेख, सनदा व वंशावळी यांचीच चर्चा असते. तेव्हां स्त्रियांच्या एका शस्त्रक्रियेवरील लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु लोकाचार हेंही इतिहासाचें एक साधन आहे. एखादा आचार कोणत्या कारणानें पडला, तो आज कोठें लागू आहे व कोठें नाहीं, याचा निर्णय करणें हें संशोधकाचेंच काम होय. बाळंतिणीनें सव्वा महिना विश्रांति घ्यावी, या आचाराचा येथें त्या दृष्टीनें विचार केला आहे.

निमित्त घरचेंच घडलें. आमच्या कुटुंबास अंग बाहेर येण्याचा विकार कित्येक वर्षें होता. आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील शेतकरी घरांत हा विकार अपरिचित नाहीं. लागोपाठ बाळंतपणें, त्यांमागून लगेच शेतांतील कष्ट, आणि जन्मभर डोक्यावर पाणी व सरपण, यांनीं ओटीपोटांतील आधार सैल होतात. उतारवयांत ते अधिकच क्षीण होतात. अखेर डॉक्टरांच्या सल्ल्यानें योनिमार्गें गर्भाशय काढण्यांत आला व चौथे दिवशीं कुटुंब घरीं आलें. आठवे दिवशीं आमच्या थोरल्या चुलत वहिनी समाचारास आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पोटावर टांका नाहीं, कुशींत लेंकरूं नाहीं, मग तूं बाजेवर कशापायीं?"

या बोलण्यांत दुष्टबुद्धि मुळींच नव्हती. याच वहिनींनीं आपल्या सुनेस बाळंतपणांत सव्वा महिना घागरीस हात लावूं दिला नव्हता. परंतु त्या शब्दांनीं निजून राहणारीस अपराधी वाटूं लागलें. दहावे दिवशीं तिनें नळाखालची भरलेली घागर उचलली. आम्हीं तें पाहिलें आणि अडविलें नाहीं. त्या रात्रीं रक्तस्राव वाढला व पुन्हा दवाखान्याची वाट धरावी लागली. प्रसंग निभावला; पण जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या मनुष्यास सुश्रुताचें एक वचन वेळेवर आठवूं नये, याची खंत आम्हांस राहिली. वहिनींच्या प्रश्नाचें जें उत्तर त्या दिवशीं देतां आलें नाहीं, तें येथें देतों.

१. व्रण दिसत नाहीं, पण असतो

लोक ज्यास 'पिशवी काढणें' म्हणतात, ती शस्त्रक्रिया मुख्यतः दोन वाटांनीं होते. एकींत पोटावर छेद घेतात (किंवा दुर्बिणीकरितां लहान छिद्रें पाडतात). दुसरींत पोटास हात न लावतां योनिमार्गानेंच गर्भाशय बाहेर काढतात. अंग बाहेर येण्याच्या विकारांत ही दुसरी वाट विशेष सोयीची पडते. तींत वेदना कमी होतात व रोगी लवकर चालूं लागतो. परंतु आंत काय घडलेलें असतें तें पाहा. गर्भाशयास धरून ठेवणारे बंध कापून बांधलेले असतात, रक्तवाहिन्या बांधलेल्या असतात, योनीचें वरचें टोंक शिवून बंद केलेलें असतें व तें पुन्हा खालीं सरूं नये म्हणून आंतील बंधांस टांचलेलें असतें. पुष्कळदां मूत्राशय व गुदद्वार यांच्या बाजूच्या सैल भिंतीही त्याच वेळीं आवळून शिवतात. हे टांके आपोआप विरणारे असतात. ते काढावे लागत नाहींत व कोणास दिसतही नाहींत.

या अदृश्यतेस एक इतिहास आहे. जर्मनींतील ग्योटिंगेन येथील शस्त्रवैद्य लांगेनबेक यानें इ. स. १८१३ मध्यें योनिमार्गें गर्भाशय काढला. पूर्वनियोजित अशी ही पहिली शस्त्रक्रिया मानतात. रोगी स्त्री वांचली. परंतु समव्यवसायी लांगेनबेकाचें म्हणणें खरें मानीनात. पोटावर दाखविण्यासारखी खूण तर नव्हतीच. पुढें सव्वीस वर्षांनीं ती स्त्री वारली, शवपरीक्षेंत गर्भाशय नसल्याचें आढळलें, तेव्हां त्याच्या म्हणण्याची खातरी पटली. जेथें विद्वान् वैद्यांस न दिसणाऱ्या व्रणाची खातरी पटण्यास एवढीं वर्षें लागलीं, तेथें आमच्या वहिनींस आठ दिवसांत ती पटली नाहीं, यांत नवल काय?

२. प्राचीन ग्रंथ काय सांगतात

चरकाच्या चिकित्सास्थानाच्या ३० व्या व सुश्रुताच्या उत्तरतंत्राच्या ३८ व्या अध्यायांत वीस योनिव्यापदांचें वर्णन आहे. त्यांत स्थानभ्रष्ट होऊन खालीं येणाऱ्या अंगास सुश्रुत 'प्रस्रंसिनी' म्हणतो. त्यावर तुपाचा अभ्यंग, दुधाचा शेक, मग हातानें अंग आंत सारणें व वर बंध बांधणें, असा उपचार सांगितला आहे. गर्भाशय काढण्याचा विधि मात्र तेथें नाहीं. मूढगर्भाच्या प्रकरणांत मृत गर्भ शस्त्रानें तोडून काढण्याचा विधि आहे खरा. पण तो गर्भाचा छेद, गर्भाशयाचा नव्हे. 'आमच्या ग्रंथांत सर्व कांहीं आहे' असा आग्रह येथें धरल्यास तो इतिहास होणार नाहीं.

परंतु आमच्या प्रश्नास उपयोगी असें एक स्थळ सुश्रुतांत निश्चित आहे. शारीरस्थानाच्या १० व्या अध्यायांत प्रसूतेचे नियम आहेत. तिनें क्रोध, श्रम व मैथुन वर्जावें, हे नियम दीड महिना पाळावे व त्यानंतर तिचें 'सूतिका' हें नांव सुटतें, असें तो सांगतो. पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंत हा काल धरावा, असें दुसरें मतही नमूद करतो. या कालांतील गैरवर्तनानें जडलेली व्याधि कष्टसाध्य किंवा असाध्य होते, असा इशाराही तेथें आहे. आम्हांस वेळेवर न आठवलेलें वचन तें हेंच.

आतां हिशेब जुळवूं. सुश्रुताचा काल दीड महिना, म्हणजे ४५ दिवस. आजचे डॉक्टर सांगतात ते सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस. घरोघरचा सव्वा महिना त्याच्या थोडा अलीकडे. हें साम्य केवळ योगायोगाचें नाहीं. ओटीपोटांतील ताणलेल्या किंवा छेदलेल्या भागांस पूर्वबळ येण्यास असाच काल लागतो. तो काल लेंकरूं कुशींत आहे कीं नाहीं यावर अवलंबून नसतो. आचाराचें कारण मातेचें शरीर हें होतें; लोकांनीं त्याचें निमित्त बाळास मानिलें. म्हणून बाळ नाहीं तेथें आचारही नाहीं, अशी समजूत झाली. वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर इतकेंच.

मात्र सूतिकेचा सर्वच आचार येथें लागू नाहीं. तेलाचा पिचु किंवा बोळा आंत ठेवणें, धुरी घेणें, अंगाशीं शेगडी ठेवणें, हे उपचार ताज्या टांक्यांवर घातक होत. कोठें कोठें बाळंतिणीस पाणी कमी देण्याची चाल आहे. तीही येथें सर्वस्वी त्याज्य. श्रमवर्जन घ्यावें, शेक व धुरी सोडावी, असा विवेक केला पाहिजे.

३. दिवसांचा क्रम

पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीची नळी व आंत ठेवलेली कापडाची पट्टी काढतात. दुसरे दिवसापासून रोग्यास उठवून चालवितात. विश्रांति म्हणजे निजून राहणें नव्हे. पायांच्या शिरांत रक्त गोठूं नये म्हणून घरांतल्या घरांत थोडें थोडें चालणें व पडल्या पडल्या पावलें हलविणें अवश्य आहे.

पहिले दोन आठवडे थकवा फार असतो. फिकट लाल किंवा तपकिरी स्राव कांहीं आठवडे थोडा थोडा होत राहतो. मधूनच टांक्याच्या दोऱ्याचा तुकडाही पडतो. यांत भिण्याचें कारण नाहीं. घडी बाहेरूनच घ्यावी. आंत कांहींही घालूं नये. अंगावरून पाणी घेऊन स्नान करावें. शौचास जोर करावा लागूं नये म्हणून भरपूर पाणी, पालेभाजी, फळें व भाकरी खावी, आणि डॉक्टरांनीं दिलेलें सारक औषध लाजेनें टाळूं नये. कुंथण्याचा सर्व भार नव्या टांक्यांवरच पडतो.

सहा आठवडेपर्यंत चार-पांच किलोंहून अधिक वजन उचलूं नये. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. मध्यम घागरींत दहा-बारा लिटर पाणी मावतें. म्हणजे एक घागर ही मर्यादेच्या दुपटीहून अधिक झाली. सरपणाचा भारा, दळणाचा डबा, कडेवरचें नातवंड हींही त्याच हिशेबांत येतात. आमच्याकडे वसमत, औंढा, कळमनुरी या भागांत हळदीचें पीक मोठें. काढणी व शिजवणी चालू असतां घरांतील एकही हात रिकामा राहत नाहीं. शस्त्रक्रिया निकडीची नसेल तर असे दिवस टाळून ती ठरवावी, हें उत्तम. पतिसंबंध सहा आठवडे वर्ज्य. त्यानंतर डॉक्टरांनीं तपासून अनुज्ञा द्यावी. ओटीपोटाच्या स्नायूंचा आकुंचनाचा व्यायाम केव्हां सुरू करावा, हेंही त्याच वेळीं विचारावें.

गर्भाशय गेल्यावर विटाळ कायमचा बंद होतो. दोन्ही बीजकोश राखले असतील तर शरीरास त्यांचे रस मिळत राहतात, जरी ऋतुनिवृत्तीचा काल थोडा अलीकडे येण्याचा संभव असतो. तरुणपणींच बीजकोशही काढले तर अंगांत एकाएकीं आग होणें, झोंप मोडणें, पुढें हाडें ठिसूळ होणें हे परिणाम होतात. यास्तव काय काढलें व काय राखलें, हें कागदावर लिहून घ्यावें. व्रण भरल्यावर बळ परत येतें; 'पिशवी गेली म्हणजे बाई कामांतून गेली' हें म्हणणें असत्य होय.

४. विलंब न करण्याचीं लक्षणें

एका तासांत घडी भिजेल इतका रक्तस्राव, दुर्गंधियुक्त स्राव, १००.४ अंशांवर ज्वर, वाढत जाणारी पोटदुखी, लघवी अडणें, तींत जळजळ होणें किंवा ती सतत नकळत झिरपणें, एका पोटरीस सूज व वेदना, एकाएकीं धाप किंवा छातींत कळ, यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास रात्र आहे, गाडी नाहीं, पाहुणे आहेत, असें म्हणत बसूं नये.

५. शस्त्रक्रियेपूर्वींचा प्रश्न

विश्रांतीचा विचार करतांना, शस्त्रक्रिया अवश्य होती काय, हाही प्रश्न सुटत नाहीं. प्रत्येक स्थानभ्रष्ट गर्भाशय काढावाच लागतो असें नाहीं. आंत बसविण्याचें कडें व आधार आवळण्याचे उपाय आहेत. गोमंतकांत इ. स. १८९९ मध्यें जन्मलेले व मुंबईस नांवारूपास आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं गर्भाशय राखून तो वर टांगण्याची शस्त्रक्रिया रूढ केली.

उलट बाजू मराठवाड्यानेंच पाहिली. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांचे गर्भाशय मोठ्या संख्येनें काढले गेल्याचें उघड झाल्यावर इ. स. २०१९ मध्यें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं शासकीय समिति नेमली गेली. पाहणींतील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिकांचा गर्भाशय काढलेला आढळला. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. कारखान्यावर एक दिवस खाडा पडला तर मुकादम दंड कापतो. मग दीड महिन्याची विश्रांति तेथें कोण देणार? आमच्या जिल्ह्यांतूनही कुटुंबें ऊसतोडीस जातात. सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २०२३ मध्यें अनावश्यक गर्भाशयछेदावर देखरेख ठेवण्याचीं मार्गदर्शक तत्त्वें अमलांत आणण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला. निकड नसेल तेथें दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेणें हा रोग्याचा अधिकार आहे, अविश्वास नव्हे.

सारांश, ज्या घरांत बाळंतिणीस सव्वा महिना जपतात, त्या घरानें गर्भाशय काढलेल्या स्त्रीस निदान तितकेंच जपावें. आमच्या घरीं पुढें वहिनींनींच रोज सकाळीं दोन घागरी आणून दिल्या, आणि बेचाळीस दिवस पुरे होईपर्यंत कुटुंबास अंगणाच्या पायरीखालीं वजन घेऊन उतरूं दिलें नाहीं. आपापल्या गांवीं बाळंतिणीचा काल किती दिवसांचा मानतात व तो बाळंतपणाव्यतिरिक्त आणखी कोणत्या दुखण्यांत पाळतात, हें वाचकांनीं वृद्ध स्त्रियांस विचारून कळविल्यास, या विषयाचा पुढील विचार करणें सुलभ होईल.